मालमोटारीच्या टोपीवरचं कुंकू

मी एक जुनी मालमोटार आहे. जुनी खुशाल म्हणा. माझा पत्रा पिचलाय, रंग उडालाय, एका दाराला कडीऐवजी सुतळी आहे, यातलं काही मी नाकारत नाही. पण भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही. भंगार म्हणणारा एक जण साखळी आणि बैलजोडी घेऊन माझ्या दारात आला होता. त्याचं आणि माझं पुढं काय झालं, तेच आज सांगायला बसले आहे. मित्रांनो, म्हातारीचं रडगाणं ऐकायला आला असाल तर दुसरं दार पाहा.

माझा सांगाडा आणि इंजिन विलायतेत जन्मलं. बोटीतून मुंबईला उतरले तेव्हा मला पाठ नव्हती, बसायची जागा नव्हती. नुसती हाडं, चाकं आणि भोंगा. खामगावच्या सुतारांनी मला सागवानाची पाठ दिली. ती अजून शाबूत आहे, वाळवीनं दोनदा नाद केला आणि दोनदा सोडला. माझा पहिला मालक जिनिंगवाला होता. त्याच्या कापसाच्या गाठी मी मलकापूरच्या स्टेशनावर नेत असे. रस्त्यानं निघाले की लोक शेतातली कामं थांबवून बघायचे. मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्याजवळ आणून माझ्या इंजिनाचा आवाज ऐकवायचा. चार सिलिंडर, पण आवाज एकच, असं म्हणायचा. मला तेव्हा थोडा गर्व झाला होता, तो अजून आहे.

मग डिझेलच्या नव्या गाड्या आल्या आणि मालकाला मी एकाएकी म्हातारी दिसू लागले. त्यानं मला लिंबाखाली उभं केलं ते केलंच. कोंबड्यांनी माझ्या गादीवर अंडी घातली. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्या सुमारास मोताळ्याच्या नारायणरावांनी मला तिथून उठवलं.

नारायणराव माळ्यांचे. नळगंगेच्या काठी त्यांचा मळा. वांगी, मिरच्या, कांदे आणि सांभार. सांभार म्हणजे तुम्ही कोथिंबीर म्हणता ती. या मालाला खरा उठाव बुलढाण्याच्या बाजारात, आणि बुलढाणा बसलंय राजूरच्या घाटावर. बैलगाडीनं घाट चढेपर्यंत सांभार माना टाकायचा, वांग्यांवर सुरकुत्या यायच्या, आणि आधी पोचलेले लोक जागा धरून बसायचे. नारायणरावांची बायको मंजुळाबाई स्वतः बाजारात बसायची. तिचं म्हणणं एकच होतं, की तिच्या हातची भाजी ताजी पोचली पाहिजे. मी आले आणि ती पोचू लागली. बुलढाण्याच्या बाजारात मोक्याच्या ठिकाणी तिची बसायची जागा ठरून गेली. गिऱ्हाईक तिला नावानं हाक मारू लागलं. ते सगळं माझ्या चार चाकांवर उभं होतं. हे मंजुळाबाईला ठाऊक होतं, म्हणून ती गाडीत चढताना आधी माझ्या टपाला हात लावून तो हात कपाळाला लावायची.

मला हाकायचा नारायणरावांचा धाकटा भाऊ कडूबा. हात चांगला, पण कान जड. म्हणजे ऐकू यायचं त्याला, पण ऐकायची सवय नव्हती.

आता दसऱ्याचं सांगते. दसऱ्याला आपल्याकडे नांगर, वखर, विळा, मोट, सगळ्यांची पूजा होते. पहिल्या वर्षी मंजुळाबाई ताट घेऊन माझ्यापुढं आली आणि कडूबाला म्हणाली, "काऊन रे कडूबा, मोटारीचा जीव कुठं असते?"

कडूबानं झाकण उघडलं आणि इंजिनाच्या बाजूची एक काळी गोल टोपी दाखवली. तिच्या डोक्यातून जाड वायरी निघून चारही सिलिंडरकडे जातात. "हे पाहा वयनी. इथूनच समद्याईले करंट वाटल्या जाते. हे बंद त मोटार बंद."

एवढं मात्र पठ्ठ्यानं अगदी बरोबर सांगितलं. त्या टोपीतून प्रत्येक सिलिंडरला आपापल्या पाळीनं ठिणगी जाते. पाळी चुकली की इंजिन चुकतं.

मंजुळाबाईनं पाहिलं. काळीभोर, गोल, वरून निमुळती. तिला ती महादेवाची पिंडच वाटली. जीव जिथं, पूजा तिथं, असा तिचा सरळ हिशेब. तिनं हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि पाची बोटांनी त्या टोपीवर वरपासून खालपर्यंत पट्टे ओढले. इंजिन चालूच होतं, कारण मेल्या मोटारीची पूजा कशी करायची, असं कडूबा म्हणाला होता. ओली बोटं वायरीच्या बुडाशी गेली आणि मंजुळाबाईला असा झटका बसला की हात कोपरापर्यंत झिणझिणला.

मित्रांनो, मी तो मुद्दाम दिला नव्हता. पण मंजुळाबाई रागावली नाही. उलट तिनं हात जोडले. "मोटार जागृत हाय," असं ती नारायणरावांना हळूच म्हणाली, आणि पुढच्या दसऱ्याला तिनं कुंकू दुप्पट लावलं.

त्यानंतर मला खोकला जडला. सकाळी दव पडलेलं असलं की मी हँडल मारमारून सुरू व्हायचे, आणि झाले तरी चारातला एक सिलिंडर मुका. भुक्‌ भुक्‌ भुक्‌, मग एक दचका, पुन्हा भुक्‌ भुक्‌. मिस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात. सपाटीला कसंबसं निभायचं. घाटात मात्र माझी दमछाक व्हायची, आणि मागून येणाऱ्या नव्या गाड्या भोंगे वाजवत पुढं जायच्या. त्यांचा मला राग येतो, अजूनही येतो.

मलकापूरचा इंद्रभान मिस्त्री आला. माणूस हुशार. त्यानं इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची वायर काढून पाहिली. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज पडतो. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. असं करून त्यानं मुका सिलिंडर शोधला आणि त्याचा प्लग बदलला. मग कार्बोरेटर धुतला. पेट्रोलची नळी फुंकली. मी ओरडून सांगत होते की पेट्रोल मला भरपूर मिळतंय, ठिणगीच वाटेत कुणीतरी खातंय. पण दुखणं हल्याला आणि डाग पखालीला! त्यानं माझा एकूणएक भाग पुसला. फक्त ती टोपी पुसली नाही. तिच्यावर कुंकू होतं ना. घरच्या लक्ष्मीनं लावलेलं कुंकू पुसायला कोण धजणार? आतून उघडून पाहिली, साफ केली, आणि बाहेरून जशीच्या तशी, दोन्ही हातांनी, देव उचलून ठेवावा तशी परत बसवली.

उन्हाळा आला, कुंकू कोरडं खडखडीत झालं, खोकला आपोआप कमी झाला. प्लगाला श्रेय मिळालं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा ओलं कुंकू, पुन्हा खोकला, पुन्हा इंद्रभान. कधी या भागाला श्रेय, कधी त्या. त्या टोपीवरचं कुंकू कुणी पुसलं नाही. थरावर थर चढत गेले.

आणखी एक अन्याय सांगते आणि पुढं जाते. माझ्या चालकासमोर एक लहानसा लाल दिवा आहे. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. चालता चालता पुन्हा लागला तर समजायचं की डायनॅमो वीज तयार करीत नाही, आत काहीतरी बिनसलंय. मला बोलायला तोंड नाही, तो दिवा हीच माझी जीभ. एकदा एका वाटसरूनं विचारलं, "हा लाल काय लागून राह्यला हो?" कडूबाला ते लाजिरवाणं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दिव्यावर मारुतीचा फोटो चिकटवला. मारुतीवर माझा राग नाही. पण देवालाच माझ्या तोंडावर हात ठेवायला लावला, याला काय म्हणावं?

त्या वर्षी पाऊस दसरा उलटला तरी जाईना. हवा ओलसर. टोपीवर कुंकवाचा चांगला जाड लेप. बुलढाण्याच्या दोन बाजारांना मी घाटाच्या पायथ्याशीच बसले. मंजुळाबाईची सांभाराची जुडी न जुडी तिथंच पिवळी पडली, आणि बाजारातली तिची जागा तिसऱ्या बाजाराला दुसरीनं धरली. मंजुळाबाई त्या रात्री जेवली नाही. नारायणरावांना ते सहन झालं नाही. बाजारात चारचौघांत त्यांनी मलकापूरच्या कारभारी नावाच्या माणसाला शब्द दिला, की ही मोटार घेऊन जा.

हा कारभारी मोडीचा व्यापारी. यंत्रं तोडून लोखंड विकायचा धंदा. वाईट माणूस नव्हता, पण त्याची नजर वाईट. माझ्याकडे पाहताना त्याला मोटार दिसतच नव्हती. एवढा पत्रा, एवढं बिडाचं लोखंड, एवढं लाकूड, असंच दिसत होतं. एका सकाळी तो साखळी घेऊन आला आणि सोबत बैलजोडी. मालमोटारीला बैल जुंपणार! ज्या बैलांच्या पाठीवरचं ओझं मी उतरवलं, ते मला ओढून नेणार! माझ्या टाकीत असेल नसेल ते पेट्रोल त्या क्षणी पेटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माझी बॅटरी काढून ठेवायला इंद्रभान मिस्त्री आला होता. कारभारी ओट्यावर चहा पीत होता. नारायणराव माझ्याकडे पाठ करून उभे होते. तेवढ्यात मंजुळाबाई आली आणि इंद्रभानला आडवी उभी राहिली.

"इंद्रभानभाऊ, हे पाप होऊन राह्यलं," ती म्हणाली. "ही साधीसुधी मोटार नाई. जागृत हाय. पूजेच्या वक्ती मले झटका देते. दर दसऱ्याले देते. अशी वस्तू कोनी मोडीत घालते का?"

कारभारी ओट्यावरून हसला. पण इंद्रभान हसला नाही. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"झटका? वयनी, हात कुठं लावला व्हता?"

"त्या काळ्या टोपीले. कुंकू लावतानी."

"अन् मोटार चालू व्हती?"

"हाव. चालूच."

इंद्रभान माझ्याकडे अशा नजरेनं पाहायला लागला, जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला भेटतोय. "करंट बाहेर कसा आला?" तो स्वतःशीच बोलला. "करंट त आतल्या आत वाटल्या जाते. वयनी, एखादी वाकळ आना बरं. जाड आना."

मंजुळाबाईनं आतून जाड गोधडी आणली. त्यांनी ती माझ्या उघड्या इंजिनावर घातली आणि दोघं तिच्याखाली डोकी घालून वाकली, आत अंधार व्हावा म्हणून. चावी फिरवून कडूबा पुढून हँडल मारू लागला. अंगणात उभ्या बाकीच्यांना फक्त दोघांच्या पाठी दिसत होत्या. पण आत काय दिसलं ते मी सांगते, कारण ते माझंच अंग होतं. टोपीवर निळी ठिणगी चालत होती. वायरीत शिरायची सोडून ती बाहेर येत होती आणि मंजुळाबाईच्या बोटांनी ओढलेल्या पट्ट्यांवरून, बरोबर त्याच वळणानं, खाली उतरून इंजिनाच्या लोखंडात विरून जात होती. एक पट्टा, मग दुसरा. तिच्या पाची बोटांची खूण अंधारात निळी दिसत होती.

मंजुळाबाईनं गोधडीतून डोकं बाहेर काढलं. तिचा चेहरा उतरला होता. "माह्याच बोटाईनं," ती म्हणाली.

"वयनी, तुमचा काय दोष?" इंद्रभान म्हणाला. "मी इतक्या डाव आलो, कुंकू पाहून हात मांगं घेतला. कुंकू ओलं झालं का त्यातूनच करंट पळते. आता हे पुसा लागते. पन माहा हात नाई धजत."

कडूबाही मागं सरला. नारायणराव पहिल्यांदा वळले आणि जोरात म्हणाले, "नको! सवाशीन बाईनं कुंकू पुसू नये. राहू द्या. जाते त जाऊ द्या मोटार."

मित्रांनो, मी मोटार आहे, मला सौभाग्य नाही आणि वैधव्यही नाही. पण त्या घरात कुंकू पुसणं या दोन शब्दांचा अर्थ काय, ते मला कळत होतं. मी तिला पूस म्हणू शकत नव्हते. ती आत निघून गेली आणि मला वाटलं, संपलं.

ती परत आली ती कोरडं धोतराचं फडकं घेऊन. टोपीवरचा लेप तिनं नखानं हळूच सोडवला. त्याची मोठी खपली तळहातावर घेतली, बोटानं चुरली आणि आपल्या कपाळावर, आहे त्या कुंकवावर, आणखी ठसठशीत लावली. नंतर फडक्यानं टोपी लख्ख पुसली.

"पुसलं नाई," ती नारायणरावांकडे पाहत म्हणाली. "माह्या हातानं ठेवलेलं उचललं अन् जागेवर आनलं. आता बोला, कोनाचं काय गेलं?"

नारायणरावांनी मान हलवली. कुंकवाखाली टोपीवर ठिणगीनं जाळलेली एक बारीक काळी रेघ निघाली. ती इंद्रभाननं चाकूच्या पात्यानं खरवडली, टोपी बसवली आणि म्हणाला, "मार बे हँडल."

मी पहिल्या हँडलला सुरू झाले. चार सिलिंडर, आवाज एकच. माझ्यासमोरची बैलजोडी दचकून मागं सरली. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

इंद्रभान चालकाच्या जागेवर बसला आणि म्हणाला, "चार्जिंगचा दिवा कुठं गेला इथला?" कडूबा खाली पाहू लागला. फोटोच्या कडेनं काच दिसत होती. मंजुळाबाईनं पाहिलं आणि ती दिरावर अशी बरसली की विचारू नका. "देवाले पाहाऱ्याले बसवतेत, झाकन म्हनून नाई!" तिनं मारुतीला जपून सोडवलं आणि समोरच्या काचेच्या वर बसवलं. इंजिन चालू होतं आणि दिवा विझलेला होता, म्हणजे आत सगळं ठीक. तरी जाता जाता इंद्रभान सांगून गेला, "पंख्याचा पट्टा जुना हाय. त्याच्यावरच डायनॅमो फिरते अन् त्याच्यावरच पान्याचा पंप. लाल दिवा लागला का थांबजा. नाई थांबले त इंजिन उकळून फुटन."

आता कारभारी उठला. "चालू झाली हे त बेस झालं," तो म्हणाला. "बैलं नेतो वापस. चालवतच नेतो मोटार."

"चालवत कशी नेता?" मंजुळाबाई म्हणाली. "तुमी भंगार घ्याले आले ना? मंग भंगार न्या. चालती मोटार भंगार कशी?"

"बाई, तुमच्या मालकानं शब्द देल्ला हाय."

नारायणराव शब्दाचे पक्के. ते मधे अडकले. मग कारभारीनंच तोड काढली. अंगणात चालू होणं काही खरं नाही, तो म्हणाला. भरल्या मालानं राजूरचा घाट चढली तर तो शब्द सोडील. घाटात बंद पडली तर तिथूनच साखळी लावील. नारायणरावांनी होकार दिला. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मीही हेच मागितलं असतं.

पाट्या भरभरून वांगी, मिरच्या आणि सांभार चढला. पुढं कडूबा, मंजुळाबाई आणि नारायणराव. मागं मालावर कारभारी आणि त्याची साखळी. मोताळ्याहून निघाले तेव्हा ती साखळी माझ्या सागवानी पाठीवर खळखळत होती. खळखळू दे, म्हटलं. ओझंच नेते मी, तेही नेईन.

घाट लागला. मी चढू लागले. पहिल्या वळणाला कडूबानं गियर खाली घेतला. मी दचकले नाही. दुसऱ्या वळणाला एक नवी डिझेल गाडी समोरून उतरत होती, तिनं भोंगा वाजवला, मीही वाजवला. जिथं मी दोन्ही बाजारांना बसले होते, ती पायथ्याची जागा केव्हाच मागं पडली होती. कडूबा गाणं गुणगुणू लागला. आणि अर्ध्याच्या वर, वरची झाडं दिसायला लागल्यावर, तो लाल दिवा लागला.

माझ्या पट्ट्याचा धागा सुटला होता आणि तो ढिला पडून घसरत होता. पंखा मंदावला. माझ्या अंगातलं पाणी तापू लागलं. मी दिव्यानं सांगत होते, दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

"वयनी," कडूबा म्हणाला. त्याचं गाणं थांबलं होतं. "दोनच वळनं राह्यली. थांबलो त तो साखळी लावते."

"अन् नाई थांबलो त?"

कडूबाचा पाय पेट्रोलवरच होता. नारायणराव समोर पाहत होते. मंजुळाबाईनं त्या दिव्याकडे पाहिलं. तिला जिंकायचं होतं, मित्रांनो. तिची बाजारातली जागा, तिची ताजी भाजी, तिची मोटार, सगळं त्या दोन वळणांच्या पलीकडे होतं. मी तिच्या जागी असते तर कदाचित पुढंच दामटलं असतं.

"थांबव," ती म्हणाली. "ते सांगून राह्यली. थांबव."

कडूबानं मला कडेला घेतलं. मागून कारभारी धप्पकन खाली उडी मारून आला, साखळी खांद्यावर. "झालं! पडली बंद. म्या म्हंतलं व्हतं."

मंजुळाबाई खाली उतरली आणि माझ्या टपावर हात ठेवून उभी राहिली. "कान देऊन ऐका कारभारीभाऊ. इंजिन चालू हाय का नाई?"

चालू होतं. तापलं होतं, पण चारही सिलिंडर आपापल्या पाळीला बोलत होते. कारभारीनं ऐकलं.

"बंद पडली नाई," ती म्हणाली. "थांबवली. आमी थांबवली. बंद कर रे कडूबा, अन् पाना काढ."

कडूबानं इंजिन बंद केलं. नारायणरावांनी चाकामागं दगड लावला. दुसऱ्या चाकामागचा दगड, हे मला सांगायलाच हवं, कारभारीनं लावला. कडूबानं सुटलेला धागा कापला, डायनॅमोचा बोल्ट सैल करून तो बाहेर ओढला आणि पट्टा ताणून घट्ट केला. सांभारावर शिंपडायला आणलेलं पाणी, मी थोडी निवल्यावर, त्यांनी माझ्यात ओतलं. सांभाराची तहान मी प्यायले. मग कडूबा हँडलाकडे गेला. चढावर, भरल्या मालानं, तापल्या इंजिनानं सुरू होणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

पहिल्या हँडलला मी नुसती हुंकारले. कारभारीचा हात साखळीवर गेला. दुसऱ्या हँडलला मी सुरू झाले. लाल दिवा विझला. दगड निघाले, आणि मी तो घाट चढले. वर पोचल्यावर वाऱ्यानं माझं तोंड गार झालं. कारभारी उतरला. तो काही वेळ माझ्याभोवती फिरला, माझ्या टायरला त्यानं पायानं दाबून पाहिलं, आणि नारायणरावांना म्हणाला, "तुमचा शब्द सुटला, भाऊ."

"बसा कारभारीभाऊ," मंजुळाबाई आपल्या जागेवरून म्हणाली. "बजारात वांगे देतो तुमाले. अन् उतरतानी सोबतच चाला. आता बैलं कुठून आनसान?"

तो बसला. त्या दिवशी मंजुळाबाईनं बाजारात तिच्या जागेवर बसलेल्या बाईला काही सांगितलं नाही. नुसता ताजा सांभार तिच्या शेजारी मांडला. गिऱ्हाइकानं काय करायचं ते केलं. पुढच्या बाजारी ती जागा पुन्हा तिची झाली.

दसरा अजूनही होतो. मंजुळाबाई ताट घेऊन येते, आधी कोरड्या फडक्यानं माझी टोपी पुसते, झाकण बंद करते आणि मग कुंकू लावते, वर, माझ्या कपाळावर. तिचं पुसणं आणि तिचं लावणं, दोन्ही मला सारखंच आवडतं.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. ती देऊन कुणाचा घाट चढून होत नाही. तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, गिरणी असेल, सायकल असेल, आणि ते अडखळत असेल, तर त्याच्यावर हात उचलण्याआधी आणि त्याला हार घालण्याआधीही, कान लावून त्याचं ऐका. ते खोकलतं तेव्हा काही सांगत असतं. त्याचा लाल दिवा झाकू नका, मग झाकायला कुणाचाही फोटो असो. आणि म्हातारी माणसंसुद्धा बोलता बोलता थांबतात, चढावर थांबतात, तेव्हा ती संपली असं धरून साखळी काढू नका. थोडं पाणी द्या, चाकामागं दगड लावा आणि वाट पाहा.

आता व्हा बाजूला. पाट्या भरून झाल्यात आणि मला घाट चढायचा आहे.